आधी पुसा!

राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली जयसिंगपूर वसवलं, गावाला वडिलांचं नाव दिलं आणि गल्ल्या काटकोनात आखून घेतल्या. त्या गल्ल्या आजही नंबरानंच ओळखल्या जातात. आखलेल्या पेठेत गाड्या वळाव्यात, माल उतरावा, व्यापार वाढावा असा त्यामागचा विचार असणार. पण सरळ गल्लीचा एक उपयोग महाराजांच्याही ध्यानात आला नसेल. या टोकाला उभं राहिलं की त्या टोकापर्यंत कुठल्या गाडीखाली काय सांडलंय ते दिसतं. आमच्या गल्लीत हा लाभ एकच गृहस्थ घेतात. त्यांना लहानथोर सगळे अण्णा म्हणतात.

अण्णा पहाटे फिरायला निघतात. डॉक्टरांनी रोज तासभर चालायला सांगितलंय. अण्णा तासभर घराबाहेर असतात हे खरं, पण त्यातला निम्मा वेळ ते उकिडवे बसलेले असतात. गाडी दिसली की थांबायचं, धोतराचा सोगा खोचायचा, वाकून खाली बघायचं, डाग असला तर बोट टेकवायचं, दोन बोटांत चोळायचं, वास घ्यायचा. मग त्या घराची बेल वाजवायची. सकाळी साडेसहाला दार उघडणाऱ्या माणसाला ते नमस्कार करत नाहीत, निदान सांगतात. "कूलंट हाय. गोडसर वास येतोय. जिभेला लावून बगू नका, इख असतंय ते."

डागांच्या बाबतीत त्यांचं शास्त्र पक्कं आहे. काळं आणि जाडसर असलं तर इंजिन ऑइल. हिरवं किंवा गुलाबी आणि पाण्यासारखं पातळ असलं तर कूलंट. नुसतं पाणी, तेही उन्हाळ्यात आणि डाव्या बाजूला, तर एसीचं. दार लावून झोपा. लालसर आणि बुळबुळीत असलं तर पॉवर स्टिअरिंगचं तेल. मात्र ते जुनं झालं की तपकिरी पडतं आणि शिकलेल्या माणसालाही चकवतं. गुलाबी कूलंट की लाल तेल असा पेच पडला तर अण्णा डागाचा थेंब वाटीतल्या पाण्यात सोडतात. मिसळला तर कूलंट, तरंगला तर तेल. अशा किती वाट्या काकूंनी कायमच्या बाद केल्या, ते काकूंनाच ठाऊक. "आमच्या ह्यांच्या वाट्या येगळ्या ठेवल्यात," असं त्या सांगतात, तेव्हा ऐकणाऱ्याला वाटतं की अण्णांना काही पथ्य आहे.

अण्णा निवृत्त फिटर. जन्म गेला साखर कारखान्याच्या मिल हाऊसमध्ये. उसाच्या चरकात वरच्या रोलरवर हायड्रॉलिकनं दाब ठेवलेला असतो. तो दाब उतरला की रस चिपाडातच राहतो आणि चीफ इंजिनिअर पळत येतात. गाळप चालू असताना मिल थांबवणं म्हणजे बाहेर उसाच्या गाड्यांची रांग वाढवणं, त्यामुळे गळती कुठून होते ते अण्णांनी चालत्या यंत्रावर, टॉर्चच्या उजेडात शोधलं, तीसेक हंगाम. निवृत्तीनंतर कारखाना सुटला, शोध सुटला नाही. गंमत म्हणजे अण्णांकडे स्वतःची मोटार नाही. कधीच नव्हती. ते एम-८० वर फिरतात आणि पॉवर स्टिअरिंगची गाडी त्यांनी आजवर रस्त्यावर चालवलेली नाही. "चालवायला काय, कुनीबी चालवतंय," हे त्यावरचं त्यांचं मत.

त्यांचं आवडतं वाक्य दोनच शब्दांचं आहे: "आधी पुसा." मळलेल्या यंत्रात गळती शोधायची नसते, कारण सगळंच ओलं असतं आणि माणूस सगळ्यात जास्त ओल्या भागावर आळ घेतो. आधी पुसायचं, कोरडं करायचं, मग चालवायचं आणि पहिला थेंब कुठून फुटतो ते बघायचं. हा नियम त्यांनी मोटारीपुरता ठेवलेला नाही. भावकीत बांधावरून भांडण निघालं, मागच्या वीस वर्षांचं उकरून काढायला लागले, की अण्णा म्हणणार, "आधी पुसा." पतसंस्थेच्या सभेत हिशेब जुळेना, अण्णा मागच्या खुर्चीवरून, "आधी पुसा." सुनेचा मिक्सर बंद पडला तेव्हाही तेच म्हणाले. सुनेनं पुसला आणि तो चालू झाला. त्या दिवसापासून घरात त्यांच्यापुढे कुणाचं काही चालत नाही.

हौसेला मुहूर्त लागत नाही. कुरुंदवाडला पुतण्याचं लग्न होतं. अक्षता वाटून झाल्या, मंगलाष्टकं सुरू झाली आणि चुलते कुठे दिसेनात. शेवटी नवरदेवाच्या सजवलेल्या गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले सापडले. पांढरं धोतर, गुलाबी फेटा, तोंडात टॉर्च. "मागच्या ब्रेकचं तेल गळतंय. ह्या गाडीतनं पोरीला न्यायची न्हाई," असं म्हणून त्यांनी किल्ली खिशात टाकली. वरात दुसऱ्या गाडीतनं निघाली. फुलं उतरवून पुन्हा चिकटवणाऱ्या मुलींनी अण्णांना काय काय म्हटलं ते इथं लिहिण्याजोगं नाही. दुसऱ्या दिवशी मिस्तरीनं चाक उघडलं, तेव्हा आतला सिलिंडर खरोखरच पाझरत होता.

वर्षातला त्यांचा सगळ्यात मोठा सण म्हणजे ऊस परिषद. गळीत हंगामाच्या तोंडावर विक्रमसिंह मैदानावर स्वाभिमानी शेतकरी संघटनेची परिषद भरते, गावोगावच्या गाड्या येतात आणि मैदानाजवळ जागा मिळाली नाही की आमच्या गल्ल्यांत लागतात. लोक पहिल्या उचलीचा आकडा काय जाहीर होतो याकडे कान लावून असतात. अण्णाही शेतकऱ्याचेच पोर, आकड्यात त्यांनाही रस आहे. पण गाड्या निघून गेल्यावर मोकळ्या झालेल्या रस्त्यावर जे डाग राहतात, ते बघताना त्यांचा चेहरा उजळतो तसा आकड्यानंही उजळत नाही. "हितं एक जीप हुती बगा. पाच-सात किलोमीटरच्या पुढं गेली नसंल," असं म्हणून ते त्या अनोळखी जीपवाल्यासाठी खरोखर हळहळतात.

माझी जुनी डिझेल गाडी त्यांच्या ताब्यात गेली ती अशीच. आजारी माणूस कूस बदलताना कण्हतो, तसं तिचं स्टिअरिंग वळताना कण्हायला लागलं. टाकीतलं तेल आठवड्याभरात खालच्या खुणेखाली जायचं. मी ओतायचो, ते जायचं. गॅरेजवाल्या पोरानं गाडी वर उचलली, खाली हात फिरवला, लालभडक पंजा मला दाखवला आणि म्हणाला, "रॅक गेलाय साहेब. असेंब्लीच बदलू." पुढे त्यानं जी रक्कम सांगितली तेवढ्यात घरातल्या एखाद्या खोलीची फरशी बदलून झाली असती.

ही बातमी अण्णांना मी सांगितली नाही. डागानं सांगितली.

"कोण म्हणतंय रॅक?"

"गॅरेजवाला."

"त्यानं पुसलं हुतं का?"

"पुसलं नव्हतं बहुतेक."

"मग त्याला कसं कळलं?" असं म्हणून अण्णांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, त्या नजरेनं कारखान्यात ट्रेनी इंजिनिअर घाबरत असत म्हणे. "टापअप म्हंजे दुरुस्ती न्हवं सर. आन् बदलून टाका म्हंजे तपासनी न्हवं."

मग सुरू झाला तो विधी. पहिला दिवस पुसण्यात गेला. साबणाचं पाणी, जुन्या बनियनचे बोळे, दात घासायचा निवृत्त ब्रश. पंप, टाकी, दोन्ही पाइप, रॅक, सगळं चकाचक. पेट्रोलचा बोळा आणणाऱ्या शेजाऱ्याला त्यांनी परत पाठवलं. रबर खराब होतं. मग गाडीखाली फ्रिजच्या खोक्याचा मोठा पुठ्ठा सारला आणि त्यावर खडूनं चाकं कुठे, इंजिन कुठे, टाकी कुठे, हे रीतसर आखलं. सकाळपर्यंत थेंब पडला तर तो कुणाच्या हद्दीत पडला ते कळावं म्हणून. सकाळी पुठ्ठा कोरडा. गल्लीला वाटलं, गळती बरी झाली. अण्णा मात्र खूश. "उभ्या गाडीत गळत न्हाई. म्हंजे दाबाखाली गळतंय. निम्मं काम झालं."

हे त्यांनी मला चहावर समजावून सांगितलं. इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा पंप तेल दाबतो आणि ते तेल रॅकमधल्या दट्ट्याला ढकलून चाकं वळवायला मदत करतं. स्टिअरिंग सरळ असताना तेल नुसतंच फिरून टाकीत परत येतं, दाब थोडा असतो. वळवलं की दाब चढतो आणि पार कडेला, लॉकला नेलं की शंभर बारच्या घरात जातो. चौरस सेंटिमीटरला शंभर किलो. आपल्या गाडीच्या टायरात हवा असते दोन-सव्वादोन बार. "आन् ही सोय न्हवती तवा?" असं विचारून अण्णांनी उत्तरही दिलं. तेव्हा ट्रक वळवायला दंड लागायचे, आणि आमच्या भागातले जुने ट्रकवाले तालमीत न जाता पैलवान झालेले होते. मी त्यांना वाचलेलं सांगितलं की फ्रान्सिस डेव्हिस नावाच्या इंजिनिअरनं १९२० च्या दशकातच हे स्टिअरिंग करून दाखवलं होतं, पण विकत घ्यायच्या मोटारीत ते आलं १९५१ साली, अमेरिकेत क्रायस्लरच्या इम्पीरियलमध्ये. अण्णांनी मान डोलावली आणि विचारलं, "त्येचं गळत हुतं का?"

दुसऱ्या दिवशी पावडर आली. काकूंचा टाल्कम पावडरचा डबा अण्णांनी पाइपांवर, जोडांवर, रॅकच्या रबरी बुटांवर उदार हातानं झटकला. कोरड्या पांढऱ्या पावडरीवर तेलाची बारीकशी रेघही उठून दिसते. बॉनेटमधून मोगऱ्याचा वास सुटला. गल्लीतल्या पोरांनी विचारलं, "अण्णा, गाडी कुनाच्या लग्नाला चाललीया?" काकू दारातून म्हणाल्या, "मला कधी एवढी पावडर लावून दिली न्हाई ह्यांनी."

मग मला स्टिअरिंगवर बसवलं, इंजिन सुरू करायला लावलं आणि अण्णा दाढीचा आरसा घेऊन बॉनेटमध्ये शिरले. "फिरवा! उजवीकडं... लॉकला... सोडा, सोडा! तितं धरून ठिवू न्हाई, पंप तापतोय. पाच सेकंद बास." तोवर बघ्यांची सभा भरली होती. एक म्हणाला, गळती थांबवायचं औषध मिळतं, ओता. अण्णा आतूनच ओरडले, "ते रबर फुगवतंय! चार महिने थांबल, मग सगळीच सील जात्यात." दुसरा म्हणाला, आम्ही तर सरळ इंजिन ऑइल ओततो. यावर अण्णांनी डोकं बाहेर काढलं, त्याला नीट पाहून घेतलं आणि एक शब्द न बोलता पुन्हा आत गेले. तो गृहस्थ पुढे चार दिवस दुसऱ्या गल्लीतनं जात होता.

एका उत्साही पोरानं पाइपावर गळती चाचपायला हात घातला, तेव्हा मात्र अण्णांनी त्याचं मनगट धरून बाजूला केलं. एवढ्या दाबाखाली सुईच्या भोकातून सुटलेलं तेल कातडीत शिरतं, आणि मग डॉक्टरकडे पळावं लागतं. "डागाला बोट लावायचं, पायपाला पुठ्ठा," हा त्यांचा दुसरा नियम, आणि हा त्यांनी हसत सांगितला नाही.

सापडली ती गळती रॅकच्या कितीतरी वर. पंपाकडून येणाऱ्या जाड पाइपाचं रबर जिथं लोखंडी टोपीत दाबून बसवलेलं असतं, तिथं पावडर गुलाबी झाली होती. लॉकला नेलं की तिथं मोहरीएवढा थेंब उगवायचा, पाइपाच्या अंगावरून ओघळायचा, खालच्या पत्र्यावरून वळसा घालून रॅकच्या बुटावर उतरायचा आणि तिथून जमिनीवर पडायचा. गॅरेजवाल्या पोराचा हात जिथं लाल झाला ते गळतीचं शेवटचं स्टेशन होतं. तरीही अण्णांनी रॅकची खातरी केलीच. बुटाची क्लिप ढिली करून रबर मागं सारलं. आत कोरडं ठाक. "रॅकचं सील गेलं असतं तर ह्यो बूट तेलानं भरला असता. हात लावताच भडाभडा वतलं असतं."

पुढचं काम आमच्या भागात सोपं आहे. ट्रॅक्टरच्या डंपिंग ट्रॉल्या, जेसीबी, ऊसतोडणीची यंत्रं या सगळ्यांचे होज पाइप फुटतच असतात, त्यामुळे ते क्रिंप करून देणारी दुकानं आहेत. अण्णा जुना पाइप पिशवीत घालून माझ्याबरोबर आले. लांबी सुतळीनं मोजून आणली होती. पाइप किती दाब सोसतो, किती गरम सोसतो, आतलं रबर या तेलाला चालतं का, टोकाचा बाक कुठल्या अंगाला येणार, हे त्यांनी दुकानदाराला असं काही विचारलं की त्यानं शेवटी मला बाजूला घेऊन विचारलं, "सरकारी मानूस हाय का?"

जोडाला लागणारे तांब्याचे वायसर मात्र त्यांनी विकत घेऊ दिले नाहीत. घरी बिस्किटांचा पत्र्याचा डबा आहे, त्यात मापवारीनं, दोऱ्यात ओवलेले, न वापरलेले वायसर आहेत. "जुना वायसर परत बसवायचा न्हाई. एकदा दबला की दबला." त्या डब्यातून बरोबर मापाची जोडी निघाली, तेव्हा अण्णांनी काकूंकडे विजयी मुद्रेनं पाहिलं. काकू गेल्या कित्येक दिवाळ्या तो डबा भंगारात द्यायला बघताहेत.

शेवटी हवा काढणं. पुढची चाकं वर उचलली. नुसत्या जॅकवर भरवसा नाही, खाली लाकडी ओंडके. टाकीच्या झाकणावर लिहिलंय तेच तेल भरलं; ते झाकण अण्णांनी माझ्याकडून मोठ्यानं वाचून घेतलं. मग इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग या लॉकपासून त्या लॉकपर्यंत, सावकाश, पुन्हा पुन्हा. टाकीत बुडबुडे येत होते, पातळी उतरत होती, अण्णा तेल ओतत होते आणि पोरं प्रत्येक फेरी ओरडून मोजत होती. बुडबुडे थांबल्यावरच इंजिन सुरू करायची परवानगी मिळाली. फेस आला नाही, कण्हणं थांबलं, स्टिअरिंग एका बोटावर फिरायला लागलं. गल्लीनं टाळ्या वाजवल्या.

आणि अण्णांचा चेहरा पडला.

अशा माणसांची हीच गंमत असते. तुम्हाला गाडी दुरुस्त हवी असते, त्यांना बिघाड हवा असतो. तो सापडेपर्यंत त्यांचं वय वीस वर्षांनी कमी झालेलं असतं, सापडला की पुन्हा गुडघे दुखतात. पुढचे काही दिवस अण्णा येता-जाता विचारायचे, "आवाज येतोय का जरा?" मी नाही म्हटलं की "बरं झालं" म्हणायचे, पण त्यात जीव नसायचा. समोरच्या घरात नवी गाडी आली तेव्हा ते आशेनं गेले. बॉनेट उघडून बराच वेळ तेलाची टाकी शोधत होते. मालकानं सांगितलं, आता स्टिअरिंगला विजेची मोटर असते, तेलच नसतं. अण्णांनी बॉनेट अलगद लावलं आणि पेढा न घेता घरी आले.

याच माणसाचं दुसरं रूप मी २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाहिलं. कृष्णा-पंचगंगेच्या पुरात शिरोळ तालुक्यातली गावंच्या गावं पाण्यात होती. पाणी उतरल्यावर लोक चिखलातल्या गाड्या, ट्रॅक्टर सुरू करायला धावले. अण्णा एम-८० घेऊन पाहुण्यारावळ्यांच्या गावांना हिंडत होते आणि दारोदार एकच सांगत होते, "स्टार्टर मारू नगा. आधी तेल बगा." तेल दुधाळ झालं असेल तर आत पाणी शिरलंय, ते काढल्याशिवाय इंजिन फिरवलं तर होतं ते नुकसान दुप्पट. त्या दिवसांत त्यांनी कुणाकडे चहासुद्धा घेतला नाही. लोकांच्या चुली कुठे धड होत्या! त्या गावांतले ट्रॅक्टरवाले आजही ऊस परिषदेला आले की गाडी मुद्दाम आमच्या गल्लीत लावतात.

हल्ली अण्णा दुपारी घरी नसतात. रॅक बदला म्हणणाऱ्या त्याच पोराच्या गॅरेजात त्यांना एक लोखंडी स्टूल मिळालंय. भांडायला म्हणून गेले होते, जाताना जुना पाइप पुरावा म्हणून नेला होता. पोरगा शहाणा, त्यानं पुरावा पाहिला आणि चहा मागवला. आता तिथं कुठलीही गाडी पुसल्याशिवाय वर उचलत नाहीत. काकूंनी घरात पावडरचा नवा डबा आणलाय आणि तो कुलपात ठेवलाय, कारण अण्णा गॅरेजला लागणारा माल घरातून नेतात.

परवा त्या पोराला विचारलं, अण्णांचा त्रास होतो का? त्यानं हात पुसले, स्टुलाकडे बघून आवाज खाली आणला आणि म्हणाला, "काय सांगू साहेब. एकेका गाडीला तीन-तीन दिवस लागत्यात. बिलं निम्मी झाली. आन् गिऱ्हाइकं एवढी वाढली, की गाड्या लावायला जागा न्हाई."

तेवढ्यात मागून हाक आली. कुणाच्या तरी गाडीखालून, सुरकुतलेला लाल तळवा हलवत अण्णा विचारत होते, "ए, ती पावडर संपली का रं?"